गिअरबॉक्सच्या आवाजाची तपासणी न करताच ‘नॉर्मल’ शेरा : तक्रार

सातारा, दि. ३ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
(मोटार कंपनीचे मुख्य कार्यालय)

विषय : ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आवाजाचे निदान न करता जॉबकार्ड बंद केल्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीची सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेली ऑटोमॅटिक गाडी मी डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या अधिकृत वितरकाकडून घेतली. डाव्या गुडघ्याला क्लच झेपेना, म्हणून मॅन्युअलपेक्षा लाखभर रुपये जास्त मोजले. वॉरंटी येत्या १८ डिसेंबरला संपते. हे आधीच सांगतो, कारण पुढच्या मजकुरातली सगळी घाई त्यासाठी आहे.

पावसाळ्यापासून गाडीला एक आवाज लागला आहे. साताऱ्याहून पुण्याकडे निघाले की सुरुवातीला काही नसते. आनेवाडी टोलनाक्याच्या आसपास, म्हणजे गिअरबॉक्स नीट तापला की, ताशी ४० किलोमीटरच्या वर ‘ऊंऽऽ’ असा सूर सुरू होतो. लांब कुठे तरी पिठाची गिरणी चालू असावी तसा. वेग वाढला की सूर चढतो. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की तो बदलतो, थोडा जाड होतो, पण जात नाही.

माझी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. तिथे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कधी हाताखालून गेला नाही, पण आवाजाचा माग काढायची रीत गाडीगणिक बदलत नाही. आवाज कशाबरोबर वाढतो, इंजिनाबरोबर की चाकांबरोबर, हे आधी ठरवायचे. स्क्रू ड्रायव्हरचे टोक केसिंगला आणि मूठ कानाला, हे त्यानंतर. त्यामुळे आपल्या सर्व्हिस सेंटरला मी नुसते ‘आवाज येतो’ असे सांगितले नव्हते. जे तपासले ते कागदावर लिहून दिले होते. तोच मजकूर इथे पुन्हा देतो, कारण तो कागद कोणी वाचला असावा असे मला वाटत नाही.

गाडी पूर्ण तापलेली असताना उभ्या जागी ‘पी’मध्ये (पार्क) आणि ‘एन’मध्ये (न्यूट्रल) इंजिन २००० आरपीएमपर्यंत (मिनिटाला २००० फेरे) नेले. आवाज नाही. टॉर्क कन्व्हर्टरचे कवच आणि ऑइल पंप इंजिनाबरोबर फिरतात, गाडी उभी असली तरी. ऑइल कमी पडून पंप हवा ओढत असता, तर तो उभ्या गाडीतही ओरडला असता. मग सपाट रस्त्यावर मॅन्युअल मोडमध्ये ताशी ५० चा वेग धरला, आधी तिसऱ्या गिअरमध्ये, नंतर चौथ्या. तिसऱ्यात इंजिन २३०० च्या आसपास, चौथ्यात १७०० च्या. इंजिनाचा आवाज उतरला, पण हा सूर दोन्ही वेळा अगदी तोच. म्हणजे तो इंजिनाच्या फेऱ्यांना बांधलेला नाही, गिअर बदलून ज्या भागाचा वेग बदलतो त्यालाही नाही. तो गाडीच्या वेगाला बांधलेला आहे. मग उरते काय? गिअरबॉक्सची आउटपुटकडची बाजू, फायनल ड्राइव्ह (चाकांकडे जाणारी शेवटची गिअरजोडी), डिफरन्शियलच्या (दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाच्या) बेअरिंगा, आणि बाहेर चाकांच्या बेअरिंगा व टायर.

चाकाची बेअरिंग असती तर लांब वळणावर वजन एका बाजूला गेले की आवाज कमी-जास्त व्हायला हवा होता. केळघर घाटात दोन्हीकडची वळणे घेऊन पाहिली, फरक नाही. चाके जॅकवर उचलून हाताने फिरवली, खरखर नाही. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. डांबरावर एक, काँक्रीटवर दुसरा. हा बदलत नाही. शिवाय पाय काढल्यावर सूर पालटतो, म्हणजे गिअरच्या दातांवरचा भार एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला गेला की त्याला ते कळते. टायरला ते कशाला कळेल?

एवढे लिहून दिल्यावर आपल्या सर्व्हिस सेंटरने काय केले, तर टायर आलटून पालटून बसवले, बॅलन्सिंग केले आणि १,२८० रुपयांचे बिल दिले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आवाज अर्थातच जिथल्या तिथे.

पुन्हा गाडी नेली तेव्हा सल्लागारांनी स्कॅनर लावला आणि ‘काका, एकही एरर कोड नाही, गिअरबॉक्स ओके आहे’ असे सांगितले. कोड येतो तो सेन्सरला, सोलेनॉइडला (ऑइलच्या विजेवर चालणाऱ्या झडपेला) किंवा प्रेशरला काही वावगे दिसले तर. गिअर घसरत असेल तर इनपुट-आउटपुटच्या वेगांतली तफावत संगणक पकडतो. बेअरिंगचा पृष्ठभाग खवला गेल्यासारखा झाला, तर ते त्याला समजायला तिथे कान बसवलेला नाही. गिअर सुरळीत पडत आहेत हे मीही मान्य करतो, ती माझी तक्रार कधीच नव्हती.

आता मूळ मुद्दा, जॉबकार्डाचा. त्यावर ‘रोड टेस्ट केली, आवाज नॉर्मल’ असे लिहिले आहे. त्याच कार्डावर गाडी आत घेतानाचे रीडिंग ३१,४६२ आणि परत देतानाचे ३१,४६३ आहे. आवाज येतो तो गिअरबॉक्स तापल्यावर, ४० च्या वर. एका किलोमीटरमध्ये गाडी वर्कशॉपच्या फाटकातून निघून पुढच्या चौकातून वळून येते, तापत नाही.

दुसरे वाक्य आहे, ‘ट्रान्समिशन ऑइल लेव्हल तपासली, ओके.’ कशी तपासली, असे विचारले तर सल्लागार म्हणाले, ‘डिपस्टिक पाहिली.’ या गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहायची पट्टी, नाही! गाडीच्या पुस्तकात तसे स्पष्ट छापले आहे. पातळी पाहायची तर गाडी लिफ्टवर समतल घ्यावी लागते, खालचे प्लॅस्टिकचे कव्हर काढावे लागते, आणि इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरलेल्या तापमानाला आले की प्लग उघडून पाहावे लागते. त्याआधीच्या आठवड्यात आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो. त्या कव्हरच्या प्रत्येक क्लिपवर तिथली तांबडी माती वाळून बसली होती, आणि गाडी परत मिळाली तेव्हाही ती तशीच, न तडकता, बसलेली होती. फोटो सोबत आहेत. ज्यांनी कव्हरला हात लावला नाही त्यांनी ‘ओके’ लिहिले.

मी व्यवस्थापकांना भेटलो. ते सौजन्याने वागले, चहाही दिला. पण त्यांचे म्हणणे असे की, गिअरबॉक्स उघडायचा तर आधी २४,००० रुपये भरा, दोष सापडला तर वॉरंटीत वळते करू, नाही सापडला तर ती मजुरी. गिअरबॉक्स उघडा असे मी म्हटलेले नाही. उघडण्याच्या आधी करायच्या चार गोष्टी असतात, त्या कोणी केल्याच नाहीत, एवढेच म्हणतो आहे.

त्या अशा. तंत्रज्ञाने माझ्याबरोबर, गाडी तापल्यावर, महामार्गावर फेरी मारावी, आणि लगोलग याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीतही. तिच्यातही हाच सूर असेल तर ‘नॉर्मल’ हा शेरा मी सही करून घेईन. नसेल तर गाडी लिफ्टवर घेऊन, चाके फिरत असताना, स्टेथोस्कोपने गिअरबॉक्सच्या केसिंगवर आणि दोन्ही पुढच्या हबवर ऐकावे. ऑइलची पातळी योग्य तापमानाला पाहून ते तापमान जॉबकार्डावर लिहावे. थोडे ऑइल काढून त्याचा रंग, वास पाहावा, आणि माझ्यासमोर पॅन उतरवून आतले चुंबक दाखवावे. त्यावर करडी, मऊ लापशी असणे स्वाभाविक आहे. पण धातूचे चमकते कपटे निघाले तर पुढे वाद घालायला जागा राहणार नाही.

याशिवाय दोन मागण्या आहेत. ही तक्रार वॉरंटीच्या मुदतीत नोंदली गेली आहे, आणि निदान व्हायला १८ डिसेंबर उलटला तरी या दोषापुरती वॉरंटी लागू राहील, असे कंपनीने लेखी कळवावे. आणि टायरचे १,२८० रुपये परत करावेत. रक्कम किरकोळ आहे, पण न मागितलेल्या कामाची आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत तपासणीची तारीख कळवावी. न कळवल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) नोंद करीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. आपले मुख्य कार्यालय कुठेही असले तरी ग्राहक राहतो तिथल्या आयोगाकडे दाद मागता येते, आणि वस्तूतला दोष ठरवण्यासाठी आयोग ती तपासणीला पाठवू शकतो. तसे झाले तर वर लिहिलेल्याच तपासण्या दुसरे कोणी तरी करील. त्यापेक्षा आपल्याच माणसांनी केलेल्या मला चालतील.

तपासणीच्या दिवशी सकाळी आठनंतर मी केव्हाही गाडी घेऊन येऊ शकतो. फेरीला सल्लागारांऐवजी तंत्रज्ञ पाठवावा, ही विनंती.

कळावे,
आपला ग्राहक
(नाव, पत्ता व गाडीचा क्रमांक सोबतच्या जॉबकार्डावर आहे)

सोबत : दोन्ही जॉबकार्डांच्या प्रती, टायरच्या कामाचे बिल, खालच्या कव्हरचे फोटो, तिसऱ्या व चौथ्या गिअरमधील आवाजाचे ध्वनिमुद्रण पेनड्राइव्हवर.