भाड्याची गाडी शहरासाठी नको, शिवारासाठी घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरावर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख चांगला आहे, पण शेवटी ‘भाड्याच्या गाडीच्या भानगडीत पडू नका, मेट्रो-बस पुरते’ हा जो सल्ला दिला आहे तो मला अर्धाच पटला. मी वरूड तालुक्यातला संत्र्याचा कास्तकार. गेल्या एप्रिलात, इकडे ऊन बेचाळिसावर गेलं असताना, लेक-जावयाच्या आग्रहाने तिकडे आठ दिवस जाऊन आलो. सोबत पुतण्या होता, गाडी त्यानेच चालवली.

शहरापुरतं लेखकाचं म्हणणं खरं आहे. जुन्या व्हॅलेन्सियात गाडी नेणं म्हणजे लग्नाच्या मांडवात बैलबंडी घालणं. गल्ल्या अरुंद, बऱ्याच भागात तिथे राहणाऱ्यांशिवाय कोणाला गाडी नेता येत नाही आणि कोपऱ्यावर कॅमेरे. दंडाची पावती गाडीच्या कंपनीकडे जाते, कंपनी त्यावर स्वतःचे पैसे चढवते आणि तुमच्या कार्डातून कापून घेते. म्हणून पहिले चार दिवस आम्ही पायीच. रेशमाच्या व्यापाराची पंधराव्या शतकातली इमारत पाहिली. १९५७ च्या महापुरानंतर तुरिया नदी शहराबाहेरून वळवली आणि तिच्या कोरड्या पात्रात नऊएक किलोमीटर लांब बाग केली, त्या बागेत चाललो.

आणि गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दारात पाण्याचं न्यायालय बसतं, ते पाहिलं. आठ कालव्यांचे आठ निवडलेले कास्तकार, अंगात काळे सदरे, गोल मांडलेल्या खुर्च्या. सगळं तोंडी, वकील नाही. कोणी बोलायचं ते अध्यक्ष पायाने दाखवतो! निकाल तिथल्या तिथे, त्यावर अपील नाही. ही रीत शेकडो वर्षांची. २००९ मध्ये युनेस्कोने तिला वारशाच्या यादीत घेतलं. आम्ही गेलो त्या दिवशी एकेका कालव्याचं नाव पुकारलं, तक्रार कोणाचीच नव्हती, पाच-सात मिनिटांत सगळे उठले. भोवतीचे पर्यटक हिरमुसले. मी मात्र चाट पडलो, कारण माझ्या धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणाची तारीख अकरा वर्षांपासून पडते आहे.

पाचव्या दिवशी गाडी घेतली. इथून वाचकांच्या कामाचं लिहितो, कारण ते लेखात नव्हतं. आपल्या लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो अमरावतीच्या आरटीओतून निघतो, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. पासपोर्ट आणि व्हिसा दाखवावा लागतो. विमानतळावरच्या काउंटरवर मुख्य अडचण आली ती अनामतीची. ती क्रेडिट कार्डावरच अडकवून ठेवतात, आणि कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. आमचं फॉरेक्स कार्ड चाललं नाही, लेकीचं कार्ड चाललं नाही. पुतण्याचं कृषी केंद्र आहे, त्या धंद्यापायी त्याने क्रेडिट कार्ड काढून ठेवलेलं, त्याची मर्यादा जेमतेम पुरली. नाहीतर पैसे भरलेली गाडी सोडून मेट्रोने परत यावं लागलं असतं. त्यातही काउंटरवरची पोरगी जादा विमा गळ्यात मारायला पाहत होती. आम्ही तो घेतला नाही. त्याऐवजी पुतण्याने बाजारात बैल पाहावा तशी गाडी चहूबाजूंनी पाहिली, खाली वाकून चाकांच्या रिमसुद्धा, आणि सगळ्याचा व्हिडिओ काढला. परत देताना एका रिमवरचा ओरखडा आमच्या नावावर टाकून पैसे कापले गेले. कंपनीचं नाव लिहीत नाही. व्हिडिओ पाठवला, तीन आठवड्यांनी पैसे परत आले.

तिकडे उजव्या बाजूने चालवायचं, हे ऐकून माहीत असतं. पण इंडिकेटरची दांडी डावीकडे असते हे कोणी सांगत नाही. पहिला तासभर प्रत्येक वळणावर आमचा वायपर फिरायचा, लख्ख उन्हात. चौकाच्या गोलात आधी शिरलेल्याला वाट द्यायची, तिथे हॉर्न वाजवून काही होत नाही. जिथे जायला एक आणि यायला एक अशीच पट्टी आहे त्या शहरी रस्त्यांवर वेग ३०. आणि पंपावर ‘गासोलिओ’ लिहिलेलं असतं, ते पेट्रोल नव्हे, डिझेल! नळीवर डिझेलला चौकोन आणि पेट्रोलला गोल अशी खूण असते, तीच पाहावी.

गाडीच्या पहिल्या दिवशी उत्तरेला सागुंतोला गेलो. पंचवीस-तीस किलोमीटर. डोंगरावर किल्ला, खाली रोमन नाट्यगृह. इ.स.पू. २१९ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने याच गावाला आठ महिने वेढा घातला आणि त्यातून कार्थेजचं रोमशी दुसरं मोठं युद्ध पेटलं. चढ बराच आहे, माझ्या गुडघ्यांनी अर्ध्यातच हात टेकले.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला. शहर संपताच कातारोखा, पायपोर्ता ही गावं लागतात. २०२४ च्या ऑक्टोबरातल्या पुरात त्या भागात दोनशेहून जास्त माणसं गेली. वळवलेल्या नदीने शहर वाचलं, पलीकडची गावं बुडाली. एका घराच्या भिंतीवर छातीच्या उंचीला चिखलाची रेघ होती. गाडी थांबवायला सांगितली. १९९१ च्या जुलैत वर्धा नदीने आमच्या शेजारचं मोवाड नेलं, तेव्हा अशीच रेघ पाहिली होती. जावयाला मोवाड ठाऊक नव्हतं. पुढचा अर्धा तास मीच बोलत होतो.

मग कार्काइशेंत. १७८१ मध्ये इथल्या एका पाद्र्याने विक्रीसाठी संत्र्याचा बगीचा लावला, तिथून त्या मुलखात हे पीक पसरलं असं मानतात. उशिरा पिकणाऱ्या झाडांवर जुनं फळ आणि नवा फुलोरा एकाच वेळी. काच खाली केली तर गाडीभर वास. पण चार बगीच्यांनंतर पाचवा वाळलेला. वर फांद्या काळ्या, मधूनच पिवळं फळ लटकलेलं, खाली कमरेएवढं तण, दाराला विकणे आहे अशी पाटी. पुढे आणखी एक. तुकडे लहान, म्हातारे थकले, पोरं शहरात, भाव बाहेरच्या मालाने पाडलेला. पुतण्या म्हणाला, “काका, हे तं आपलंच गाव होय.” आमच्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक असलेल्या बांगलादेशाने आयात शुल्क वाढवल्यापासून आमच्याकडे काय चाललं आहे ते आपल्या वाचकांना सांगायला नको. फरक एवढाच की तिथे कालव्याला पाणी आहे. आमचं बोअर हजार फुटांवरही कोरडं जातं.

हे बगीचे टूरच्या बसमधून दिसत नाहीत. बस थांबते ती अल्बुफेराच्या तळ्यापाशी, भात खायला. आम्हीही थांबलो. मी माळकरी, म्हणून भाज्या घातलेला पाएया, म्हणजे तिकडचा पसरट तव्यातला भात, मागवला. तव्याच्या तळाची खरवड लोक मुद्दाम खरवडून खातात, ते पाहून आजी आठवली. परतताना टोल पडला नाही. त्या पट्ट्यातल्या एपी-७ महामार्गावरचे नाके १ जानेवारी २०२० पासून बंद आहेत. समृद्धीवरून मुंबईला जाणाऱ्यांनी हे वाक्य वाचू नये.

पुतण्याच्या परवान्याची मुदत मार्चपर्यंत आहे. मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्यात फुललेल्या संत्र्याचा, सौदा फेब्रुवारीत ठरतो.

आपला,
एक संत्रा बागायतदार
शेंदुरजनाघाट, ता. वरूड, जि. अमरावती