प्रश्न बंद करा, पण कारण सांगा

मा. संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

विद्यार्थ्यांच्या अडचणींना आपल्या दैनिकात नेहमी जागा मिळते, म्हणून वरवर तांत्रिक वाटणारा, पण खानदेशातल्या संगणक शिकणाऱ्या मुलामुलींशी थेट संबंध असलेला एक विषय मांडत आहे. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला नात्यात किंवा शेजारीपाजारी सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारे कुणीतरी सापडते. शहादा, साक्री, यावल किंवा धडगावच्या विद्यार्थ्याला असा माणूस क्वचितच भेटतो, त्यामुळे पाठ्यपुस्तकाबाहेरचा पहिला प्रश्न तो इंटरनेटवरच्या अनोळखी प्रोग्रामरांना, आणि बहुतेक वेळा इंग्रजीत, विचारतो. तो प्रश्न काही मिनिटांत बंद झाला, म्हणजे त्यावर नवी उत्तरे घेणे थांबले, त्यावर उणे (नापसंतीची) मते पडली आणि असे का झाले हे कुणी सांगितले नाही, तर त्यातले बरेच जण पुन्हा म्हणून विचारत नाहीत. महाविद्यालयात प्रात्यक्षिके घेणारा शिक्षक म्हणून आणि आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्यांच्या एका ऑनलाइन समूहाचा मॉडरेटर, म्हणजे पोस्टवर देखरेख ठेवणारा, म्हणून हे मी जवळून पाहत आलो आहे.

आधी मॉडरेटरांची बाजू सांगणे आवश्यक आहे, कारण विद्यार्थ्यांना ती कुणी सांगत नाही. २००८ मध्ये जेफ अ‍ॅटवूड आणि जोएल स्पॉल्स्की यांनी स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हापासून तिथला मूळ विचार असा आहे की उत्तर केवळ विचारणाऱ्यासाठी नसते. तीच अडचण घेऊन पुढे वर्षानुवर्षे शोधत येणाऱ्या प्रत्येकासाठी ते लिहिलेले असते. त्यामुळे एकच प्रश्न शंभर वेळा, शंभर अर्धवट रूपांत साठू देणे हा शोधणाऱ्यावर अन्याय ठरतो. ही छाननी करणारी माणसे स्वयंसेवक असतात, त्यांना पगार नसतो, आणि समोर येणाऱ्या पोस्टचा ओघ कधी आटत नाही.

आमच्या समूहात नेहमी येणाऱ्या एका प्रकारच्या पोस्टचे उदाहरण देतो. ‘अर्जंट, प्रोग्राम चालत नाही, उद्या सबमिशन आहे’ एवढे शब्द आणि खाली मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरपा फोटो. प्रोग्राम पायथॉन या संगणकभाषेतला, एरर इंडेंटेशनची (ओळीआधीच्या मोकळ्या जागेची), आणि फोटोत नेमकी डावी कड कापलेली! पायथॉनमध्ये ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा हाच व्याकरणाचा भाग असतो. त्यातही टॅब आणि स्पेस यांची सरमिसळ झाली असेल तर डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, फोटोत तर फरक कळण्याची सोयच नसते. तोच कोड मजकूर म्हणून पाठवला, तर उत्तर देणारा तो स्वतःच्या संगणकावर चालवून क्षणात दोष दाखवू शकतो. अशी पोस्ट थांबवून ‘कोड मजकूर म्हणून द्या, एररची पूर्ण ओळ द्या, दोष दिसेल एवढाच भाग ठेवा’ असे सांगणे यात विद्यार्थ्याचा अपमान काहीच नाही. रावेर-यावलच्या केळीउत्पादकाला हे वेगळे सांगायला नको: घडाला वजन यावे म्हणून तो खोडाभोवतीची पिले वेळच्या वेळी काढतो, पण पीलबाग (पिलावर घ्यायचे पुढचे पीक) धरायची असेल तर जोमदार पील राखूनही ठेवतो. निवड केलीच पाहिजे. मात्र काय काढले आणि का काढले हे काढणाऱ्याला माहीत असले पाहिजे.

माझी तक्रार इथून पुढे सुरू होते. स्टॅक ओव्हरफ्लोवर इतरांच्या पसंतीतून सदस्याला गुण मिळतात; ३००० गुण मिळवलेले सदस्य प्रश्न बंद करण्यासाठी मत देऊ शकतात आणि सामान्यतः अशी तीन मते पडली की प्रश्न बंद होतो. बंद होणे म्हणजे पुसले जाणे नव्हे. प्रश्न दुरुस्त करता येतो आणि तो पुन्हा उघडण्याचीही रीतसर सोय आहे. पण ही गोष्ट नवख्याला कळेल अशा शब्दांत त्याच क्षणी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही; त्याला दिसते ती फक्त बंद झाल्याची पट्टी आणि साचेबंद वाक्ये. उणे मताला तर कारण देण्याचे बंधनच नाही. उत्तराला उणे मत देणाऱ्याचा स्वतःचा एक गुण कापला जातो, प्रश्नाला उणे मत देणाऱ्याचे मात्र काहीच जात नाही. म्हणजे अनुभवी माणसाच्या उत्तराला नापसंती दाखवताना थोडा विचार करावा लागतो, आणि नवख्याच्या प्रश्नाला नापसंती दाखवणे मात्र फुकट आहे. हा नियम बदलावा असे मला मनापासून वाटते.

याहून गंभीर बाब अभिप्रायाची आहे. भुसावळच्या एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला, तो ‘हा आधीच विचारला गेला आहे’ म्हणून बंद झाला आणि त्याला जुन्या उत्तराची लिंक मिळाली. त्या उत्तरात वापरकर्त्याकडून माहिती घेण्यासाठी ‘रॉ इनपुट’ हे फंक्शन वापरले होते. ते पायथॉन २ या जुन्या आवृत्तीत होते, नव्या पायथॉन ३ मध्ये त्या नावाचे फंक्शनच नाही, आणि पायथॉन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला आहे. विद्यार्थ्याच्या संगणकावर साहजिकच नवी एरर आली. ‘हे उत्तर आता चालत नाही’ हे त्याला त्या उत्तराखाली लिहायचे होते, पण दुसऱ्याच्या पोस्टवर कमेंट करायला ५० गुण लागतात आणि ते त्याच्याकडे नव्हते. म्हणून त्याने तेच वाक्य उत्तराच्या रकान्यात लिहिले, आणि ‘हे उत्तर नव्हे’ म्हणून ते काढून टाकण्यात आले. यात प्रत्येकाने आपापला नियम बिनचूक पाळला. तरीही जी एक खरी, उपयोगी माहिती त्या मुलाकडे होती, ती नोंदवायला त्याला जागाच मिळाली नाही आणि जुने उत्तर भरघोस मतांसह तसेच उभे राहिले. वापरकर्त्याचा अभिप्राय हा गैरवर्तनाच्या खात्यात टाकला की समूहाचे असे नुकसान होते. चूक दाखवणारा नवखा असला म्हणून चूक कमी खरी ठरत नाही.

या कारभारावर टीका झाली नाही असे नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये स्टॅक ओव्हरफ्लो चालवणाऱ्या कंपनीने स्वतःच जाहीरपणे मान्य केले की नवोदितांना, स्त्रियांना आणि वंचित गटांतल्या लोकांना ही जागा आपली वाटत नाही, आणि त्याच वर्षी आचारसंहिता आणली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी सहकाऱ्यांना लिहिलेल्या कठोर ईमेलबद्दल माफी मागून काही आठवडे कामातून रजा घेतली आणि लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याच्या, प्रकल्पानेही आचारसंहिता स्वीकारली. या गोष्टी चांगल्या झाल्या. परंतु गोड शब्दांत नाकारले तरी कारण कळले नाही, तर शिकणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही. उलट एखाद्याने रोखठोक शब्दांत पण नेमका दोष दाखवला, तर आपली खानदेशी मुले ते मनावर घेत नाहीत, कामाला लागतात. म्हणून मी सौजन्यापेक्षाही कारणाचा आग्रह धरतो.

मॉडरेटरांच्या वाट्यालाही हेच आले आहे. चॅटजीपीटी हा उत्तरे लिहून देणारा एआय आल्यावर काही दिवसांतच, डिसेंबर २०२२ मध्ये, स्टॅक ओव्हरफ्लोवर त्याने लिहिलेली उत्तरे टाकण्यास मनाई झाली, कारण ती दिसायला नेटकी आणि अनेकदा चुकीची होती, आणि तपासणाऱ्यांच्या वेगापेक्षा कितीतरी पट वेगाने येत होती. पुढे मे २०२३ मध्ये कंपनीने अशी उत्तरे संशयावरून काढण्यावर कडक बंधने घातली, आणि मॉडरेटरांना आतून दिलेल्या सूचना व जाहीर केलेले धोरण यांत फरक असल्याचा आक्षेप घेत अनेक मॉडरेटरांनी ५ जून २०२३ पासून काम थांबवले. वाटाघाटींनंतर ऑगस्टमध्ये ते मिटले. विनामोबदला राबणाऱ्या माणसांनाही आपले म्हणणे ऐकले जावे म्हणून संप करावा लागला, ही गोष्ट बंद केलेल्या प्रश्नावर हताश होऊन बसलेल्या विद्यार्थ्याच्या स्थितीपासून फार दूरची नाही.

आता विद्यार्थी थेट एआयलाच विचारतात, तेव्हा हा वाद कालबाह्य झाला, असे काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. त्या यंत्रांनी जे शिकले त्यात अशाच समूहांतल्या तपासलेल्या प्रश्नोत्तरांचा वाटा आहे, आणि एआयने दिलेले चुकीचे उत्तर त्या मुलाच्या पडद्यावरच राहते. पुढच्याला सावध करणारी कमेंट त्याखाली कुणी लिहीत नाही. आमच्या समूहात म्हणूनच एक अट आहे की उत्तर कुठूनही आणा, पण स्वतः चालवून पाहिल्याशिवाय टाकू नका.

आम्ही पाळत असलेल्या आणखी दोन-तीन गोष्टी सांगतो, त्या इतरांना उपयोगी पडतील. पोस्ट थांबवणारा मॉडरेटर दोन ओळींत, साध्या मराठीत, नेमके काय कमी आहे आणि काय जोडले की पोस्ट पुन्हा सुरू होईल ते लिहितो. त्यावर विद्यार्थ्याने हरकत घेतली, तर तिचा निर्णय पोस्ट थांबवणारा देत नाही, दुसरा मॉडरेटर देतो. प्रश्न मराठीत चालतो, अहिराणीत चालतो; एररचा मजकूर तेवढा जसाच्या तसा, एक अक्षरही न बदलता द्यायचा. स्टॅक ओव्हरफ्लोच्या पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश आणि जपानी आवृत्त्या आहेत, एकाही भारतीय भाषेत नाही, तेव्हा ही सोय आपली आपणच करायला हवी.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. समूहात प्रश्न विचारला की खासगी मेसेज येऊ लागतात, म्हणून कित्येक मुली भावाच्या किंवा वर्गमित्राच्या नंबरावरून प्रश्न पाठवतात, किंवा विचारतच नाहीत. ‘खासगी मेसेज हा समूहाचा विषय नाही’ असे म्हणून मॉडरेटरने हात झटकणे मला अक्षम्य वाटते. समूहातून नंबर मिळाला म्हणून मेसेज गेला असेल, तर ती तक्रार समूहाचीच आहे आणि ती त्याच दिवशी निकाली निघाली पाहिजे. जात, गाव किंवा कॉलेज यावरून टोमणा मारणारी पोस्टही आम्ही चर्चा न करता काढतो, मात्र काढल्याचे कारण तिथेही लिहितो.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये आणलेल्या माहिती तंत्रज्ञान मध्यस्थविषयक (म्हणजे समाजमाध्यमांसारख्या, इतरांचा मजकूर दाखवणाऱ्या सेवांसाठीच्या) नियमांत तक्रार निवारण अधिकाऱ्याने २४ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि १५ दिवसांत ती निकाली काढावी अशी तरतूद आली, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यावर अपील ऐकणाऱ्या समित्याही स्थापन झाल्या. बंद झालेल्या प्रोग्रामिंगच्या प्रश्नासाठी कुणी तिथे दाद मागणार नाही, हे उघड आहे. परंतु पोच, मुदत आणि दुसऱ्याकडे अपील ही तीन तत्त्वे कायद्याने मान्य केली असताना, शिकण्यासाठी उभारलेल्या समूहांनी ती आपणहून का स्वीकारू नयेत?

महाविद्यालयांकडे माझी मागणी अशी आहे की प्रश्न नीट मांडणे हा प्रात्यक्षिकाचाच भाग करावा. आज जर्नलमध्ये बरोबर चाललेला प्रोग्राम आणि त्याचे आउटपुट उतरवून घेतले जाते; त्याऐवजी निदान एका प्रात्यक्षिकात न चाललेला प्रोग्राम, आलेली एरर, करून पाहिलेले उपाय आणि उरलेला प्रश्न लिहून घ्यावा आणि त्याला गुण द्यावेत. इथून शिकून पुण्यात, बंगळूरला किंवा परदेशात नोकरीला लागलेल्या आपल्या मंडळींनाही एक विनंती आहे. स्टॅक ओव्हरफ्लोवर दुसऱ्याच्या प्रश्नाची भाषा आणि मांडणी सुधारण्याची सूचना कुणालाही करता येते. एखाद्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतल्या प्रश्नामागे खरी अडचण दिसली, तर उणे मत देण्याआधी ती दोन वाक्ये दुरुस्त करावीत, आणि बंद करण्याचा अधिकार मिळाला असेल तर बंद करताना प्रश्नकर्त्यासाठी एक ओळ स्वतःच्या शब्दांत लिहावी.

आपला,
संगणकशास्त्राचा एक शिक्षक, जळगाव