सिस्टर, त्या रात्री तुम्ही दाराबाहेर बसलात

आदरणीय सिस्टर,

पाळीत पॅडऐवजी कप वापरायला तुम्ही मला शिकवलंत. त्याचे समोर येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही "बस की, चहा घे" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहितेय, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघड लिहितेय. तुमचं नाव घालत नाही. तसंही कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, आमच्या बोळात, तुम्हाला नावानं हाक मारतं कोण? नोकरीतून निवृत्त झालात तरी लहान-थोर सगळ्यांच्या तुम्ही सिस्टरच.

पाळीची तारीख जवळ आली की माझ्या पोटात गोळा यायचा. महाद्वार रोडला साडीच्या दुकानात मी सकाळपासून रात्री शटर पडेपर्यंत उभी असते. नवरात्रात आणि लगीनसराईत तर पाणी प्यायलासुद्धा उसंत नसते. बाथरूम एकच, वर माळ्यावर, साड्यांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत जायचं. वापरलेलं पॅड टाकायला तिथं डबा नाही, त्यामुळं कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवायचं आणि रात्री घरी आणायचं. एकच पॅड दिवसभर. उन्हाळ्यात त्या प्लास्टिकनं आणि घामानं मांड्या सोलून निघायच्या. गिऱ्हाइकासमोर पदर उलगडून दाखवताना एक पाऊल बाजूला टाकलं तरी आग व्हायची. आम्ही सगळ्याच जणी पावडर लावून दिवस ढकलायचो. बाईचा जन्म म्हणजे हे असणारच, असं धरूनच चाललो होतो.

मदत मागितली नाही असं नाही. एका डॉक्टरांकडं गेले, त्यांनी मान वर न करता मलम लिहून दिलं. काय वापरता, किती वेळ ठेवता, एक शब्द विचारला नाही. मलम संपलं की पुरळ परत हजर. २०१८ च्या जुलैत पॅडवरचा बारा टक्के जीएसटी गेला तेव्हा टीव्हीवर केवढं कौतुक झालं होतं! पण मेडिकलमध्ये पॅड मागितलं की आजही ते काळ्या पिशवीत घालून, इकडं तिकडं बघून हातात देतात. लपवायची वस्तू आहे हे आमच्या पोरींना तिथंच शिकवलं जातं.

मग एका ८ मार्चला हॉलमध्ये मोठा कार्यक्रम झाला. व्यासपीठावर हार-तुरे, पर्यावरणावर भाषणं, आणि शेवटी प्रत्येकीच्या हातात एक मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे पाळीचं रक्त साठवायला आत घालायचा मऊ, छोटा पेला. मूल झालेली असो नाहीतर कॉलेजची पोर असो, सगळ्यांना एकाच मापाचा. कप वर धरून फोटो काढायला लावले. ते फोटो पेपरात आलेसुद्धा. पण हे घालायचं कसं, काढायचं कसं, अडचण आली तर विचारायचं कुणाला, हे सांगायला एकही बाई थांबली नाही. डबीवरच्या नंबरला फोन केला तर कुणी उचलायचं नाही. तो कप माझ्या कपाटात साड्यांच्या घडीत पडून राहिला. दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तुमच्यासारख्यांना नाही जमायचं ते. पॅडच वापरा." तुमच्यासारख्या म्हणजे कशा, सिस्टर? महिन्याचा पगार कमी असणाऱ्या? मराठी शाळेत शिकलेल्या? ते वाक्य मला आजही टोचतं.

आणि तुम्ही? कपिलतीर्थ मंडईत कोथिंबीर घेताना तुम्ही माझी नुसती चाल बघितलीत. गर्दीतून बाजूला घेऊन हळूच विचारलंत, "काय लावतीस पाळीला? काचतंय व्हय?" इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. डोळ्यांत पाणीच आलं. तुम्ही पिशवी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "चल घरी."

तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण पुढ्यात ठेवलंत. त्यात पाणी ओतून दाखवलंत, की साधारण बाईचं एका पाळीत सगळं मिळून तीस ते चाळीस मिली जातं, म्हणजे सहा ते आठ चहाचे चमचे. ऐंशीच्या वर गेलं तर मात्र दाखवून घ्यायचं. मला वाटायचं तांब्याभर जात असेल! माझ्याच अंगातली गोष्ट, दोन बाळंतपणं झालेली, आणि ती मला त्या झाकणानं कळली. माझ्या कपाटातला कप तुम्ही हातात घेऊन बघितलात आणि सरळ सांगितलंत, "ह्यो तुझ्या मापाचा न्हाई." नवा आणायला लावलात तो दुकानातल्या एका साध्या साडीच्या किमतीचासुद्धा नव्हता. नीट सांभाळला तर वर्षानुवर्षं टिकतो.

बाकीचं शिकवणं मी इथं लिहीत बसत नाही. ज्या गोष्टीसाठी हे पत्र आहे, ती त्या रात्रीची.

हे नाइटला होते, गोकुळ शिरगावला. पोरं झोपली होती, सासूबाई बाहेर टीव्ही बघत होत्या. मी पहिल्यांदाच कप घातलेला, दिवस छान गेला होता, आणि आता तो काही केल्या निघेना. हात थरथरायला लागले. आत हरवला असेल, वर गेला असेल, आता ऑपरेशन करावं लागेल, सगळ्या गल्लीला कळेल, नाही नाही ते डोक्यात यायला लागलं. मोरीतूनच तुम्हाला फोन लावला. मला धड बोलताही येत नव्हतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "भ्यालीस व्हय? आले. कडी काढून ठेव."

तुम्ही उद्याच्या भाजीसाठी मेथी निवडत बसला होता, ती पेपरासकट उचलून घेऊन आलात. सासूबाईंना सांगितलंत, "सुनेच्या पोटात दुखतंय, मी हाय, तुम्ही बघा तुमची सिरियल." मोरीच्या दाराबाहेर पाट ओढलात आणि बसलात. दार ढकललं नाहीत. आत येऊ का असं एकदाच विचारलंत, मी नको म्हटलं तर परत विचारलं नाहीत. "गर्भाच्या पिशवीच्या तोंडाच्या वर काय जात न्हाई, तिथं वाट बंद असती. निवांत उकिडवी बस. घाई न्हाई आपल्याला," एवढं सांगितलंत आणि मग कपाचा विषयच सोडून दिलात.

तुम्ही कांदा-लसूण मसाल्याचं बोलायला लागलात. यंदा ब्याडगी मिरची महाग आहे, संकेश्वरीला रंग कमी पण झणका चांगला, लवंगी किती घालायची, खोबरं किती भाजायचं. मला आतून सगळं ऐकू येत होतं, मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाजसुद्धा. तुम्ही म्हणालात, तीळ जास्त झाले की मसाला लवकर खवट होतो. आणि मी आतून म्हटलं, "आमच्या आईकडं तीळ जास्तच घालतात, वर्षभर काही होत नाही." तुम्ही म्हणालात, "व्हय? मग भाजत असणार नीट." बोलता बोलता माझा श्वास कधी खाली बसला मला कळलं नाही. अंग सैल झालं. मग तुम्ही त्याच आवाजात, जणू मसाल्याचंच सांगताय असं, म्हणालात, "आता जरा खाली जोर दे. दांडी ओढू नको, बूड चिमटीत दाब, हवा सुटू दे." आणि तो निघाला.

बाहेर आले तर तुम्ही काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाहीत. नुसतं माझ्याकडं बघितलंत, मेथीचा पेपर गुंडाळलात आणि "उद्या तुझ्या आईच्या मसाल्याचं माप लिहून दे" म्हणून चपला घालून गेलात.

नंतर किती जणींना मी हे सांगितलं. ज्यांनी कप वाटले त्यांनी वस्तू दिली. ज्यांनी भाषणं केली त्यांनी माहिती दिली. तुम्ही रात्रीचं माझ्या दाराशी बसलात, आणि माझी लाज राखून बसलात. माझ्या भाचीनं मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं, की २०१९ साली 'द लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये कपावरच्या ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, ३,३१९ बायका-मुलींचा, त्यात गरीब देशांतल्याही होत्या. कप सुरक्षित आहे, सरावाला काही पाळ्या जाव्या लागतात, आणि सोबतीला सांगणारी कुणी असली की बायका तो जास्त स्वीकारतात, असं त्यात आहे. वापरून बघितल्यावर दहातल्या सातेक जणींना तो पुढंही वापरायचा होता. 'तुमच्यासारख्यांना जमायचं नाही' म्हणणाऱ्या बाईंनी हे वाचलेलं असायला हवं होतं. तुम्हाला ते न वाचताच ठाऊक होतं.

आणखी एक झालं. कपावरच्या रेघांमुळं किती जातंय ते पहिल्यांदाच मोजता आलं, आणि माझं ऐंशीच्या बरंच वर निघालं. तुम्हीच मला सीपीआरला, सरकारी दवाखान्यात, घेऊन गेलात. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन पार खाली. जिना चढताना लागणारी धाप, दुपारी डोळ्यांपुढं येणारी अंधारी, हे सगळं मी दुकानातल्या दगदगीवर ढकलत होते. आता गोळ्या चालू आहेत आणि चेहऱ्यावर रंग आलाय असं सासूबाई म्हणतात.

सासूबाईंचंही सांगते. कप उकळायचं छोटं पातेलं स्वयंपाकघरात ठेवण्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. तुम्ही येऊन बसलात, वाद घातला नाहीत, त्यांना त्यांच्या वेळचं विचारलंत. त्या बोलायला लागल्या. लुगड्याच्या घड्या घ्यायच्या, धुऊन गोठ्यामागं गवताच्या पेंढ्यांआड वाळत घालायच्या, पावसाळ्यात त्या ओल्याच परत बांधायच्या, खाज सुटायची, कुणाला बोलायची सोय नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात त्या माझ्यापाशी हे कधी बोलल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच पातेल्यासाठी फळीवर जागा केली.

आणि माझ्या भाचीला कप नको होता, तर तुम्ही तिला हसला नाहीत, समजवतही बसला नाहीत. तिला सुती कापडाची पॅडं शिवून दिलीत. आधी गार पाण्यात भिजवायची, मग साबण, आणि वाळवायची थेट उन्हात, कशाखाली झाकून नाही, हे सांगून तुमच्या गच्चीवरची पुढची दोरी तिला दिलीत. मला बजावलंत, "तुला जमलं म्हणून दुसरीच्या माथी मारू नको." शिकवणारी माणसं पुष्कळ भेटतात, सिस्टर. दुसरीला नको म्हणायची मोकळीक देऊन शिकवणारी फार थोडी.

माझ्या मनात आणखी एक आहे. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात आई आणि वहिनी शाळेच्या वर्गात राहिल्या. कोल्हापूरची माणुसकी तेव्हा सगळ्यांनी बघितली. घराघरांतून भाकरी-चटणी गोळा झाली, तालमीची पोरं छातीएवढ्या पाण्यात उतरली. माझ्या माणसांनी त्या भाकरी खाल्ल्यात, मी ते जन्मभर विसरणार नाही. पण वहिनीची पाळी तिथंच आली. भाकरी मागता येते, हे मागता येत नाही. मदतीत पॅडं आली होती, ती टाकायला जागा नव्हती, बदलायला आडोसा नव्हता. कुणी वाईट वागलं नाही, कुणाच्या लक्षातच आलं नाही. तुमच्यासारखी एक बाई त्या वर्गाच्या दाराशी उभी असती तर किती फरक पडला असता.

घंटागाडीवरच्या मावशी आता माझ्या घरचा कचरा उचलतात तेव्हा मला त्यांच्याकडं बघताना अवघड वाटत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत सांगितलं होतं की वापरलेलं पॅड नीट गुंडाळून वेगळं द्यायचं, कंपन्यांनी त्यासाठी पिशवी द्यायची. प्रत्यक्षात कुत्र्यांनी फोडलेल्या पिशव्या त्या हातानं गोळा करतात. आमच्या घरातून निदान तेवढं तरी त्यांच्या वाट्याचं कमी झालं. हे श्रेयही तुमचंच.

आता कामाचं. दुकानातल्या दोघी तुमच्याकडं यायचं म्हणताहेत. मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलंय, रागावू नका. एकीला तांबी (कॉपर-टी) बसवलेली आहे, तेव्हा कप ओढताना तिला धोका आहे का, आधी डॉक्टरांना विचारायला हवं का, हे तिला तुमच्याकडून ऐकायचंय. दुसरी फार लाजाळू आहे, तिच्याशी आधी दुसरंच काहीतरी बोला, तुम्हाला ते जमतं. मंगळवारी दुकानाला सुट्टी असते, दुपारी चारनंतर दोघींना घेऊन येते. आईच्या मसाल्याचं माप लिहून आणतेय, आणि किलोभर मसालाही.

तुमचीच,
मागच्या बोळातली साडीच्या दुकानातली