पितळ घासू नका म्हणणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

खासगी पत्रात चार ओळी लिहून भागलं असतं. पण मासेमारीच्या जुन्या स्वीडिश धातूच्या आमिषांबद्दल मराठीतून विचारावं असं माणूस आम्हाला एकच मिळालं, ते स्वीडनमध्ये राहणारे तुम्ही. तुम्ही सांगितलेलं आणखी दहा जणांच्या उपयोगी पडावं, म्हणून हे आभार उघडपणे मानतो आहोत. तुमचं नाव मुद्दाम घातलेलं नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

पहिले आभार तुमच्या त्या एका वाक्याबद्दल: "आधी हात मागे घ्या, मग भिंग घ्या." आपल्याकडे पितळ दिसलं की हात चिंचेकडे जातो. दसरा-दिवाळीला समई, तांब्या, घंटा लखलखीत झाल्याशिवाय चैन पडत नाही. समईला ते चालतं, कारण ती आतून-बाहेरून पितळेचीच असते. साठ वर्षांपूर्वीचा चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष, तसा नसतो. पितळेच्या किंवा तांब्याच्या पातळ पत्र्यावर निकेलचा किंवा चांदीचा मुलामा, तोही कागदाहून कितीतरी पातळ, आणि बऱ्याचदा त्यावर रंगाचा हात. चिंचेतलं आम्ल मुलाम्याच्या न दिसणाऱ्या छिद्रांतून खाली उतरतं आणि पितळेतलं जस्त खातं. पितळी ताटलीत लिंबाची फोड रात्रभर राहिली की जो गुलाबी चट्टा पडतो, तोच इथे मुलाम्याखाली पडतो. वरून काही दिवस चकाकी दिसते, मग कडेपासून पापुद्रे सुटायला लागतात. भांडी घासायच्या पावडरीने तर मुलामा पहिल्याच दिवशी जातो. त्याबरोबर कारखान्याने मारलेल्या ठशाच्या अक्षरांची धारही जाते, आणि वस्तूचं वय सांगणारा मोठा पुरावा तीच धार असते.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. स्वीडिशमध्ये या आमिषाला 'शेददराग' म्हणतात, म्हणजे चमच्यासारखं, पाण्यातून ओढायचं आमिष. वाकवलेला पत्रा दोरीला लावून ओढला की पाणी त्याच्या खोलगट बाजूवर आदळतं, पत्रा डावी-उजवीकडे डोलतो आणि जखमी मासळीसारखा चमकतो. दांड्याभोवती पाकळी गरगर फिरते तो 'स्पिनारे'. खोल पाण्यात वर-खाली उचलत मारायचा तो 'पिर्क'. कोकणात गरी टाकणाऱ्याला हे हाताने समजेल, पण आपल्या पारंपरिक गरीला लागतं ते खरं आमिष, कोळंबी नाहीतर बांगड्याचा तुकडा. इथे सगळी भिस्त पत्र्याच्या वाकावर.

या वाकाचं सर्वांत नावाजलेलं गाव स्वेंग्स्ता, स्वीडनच्या दक्षिणेकडच्या ब्लेकिंगे प्रांतातलं, मोर्रुम नदीकाठचं. या नदीत सामन (सॅल्मन) आणि समुद्री ट्राउट हे मासे चढतात. १९२१ साली कार्ल आउगुस्त बोर्गस्त्रोम यांनी तिथे 'आबे ऊरफाब्रिकेन' काढली. 'आबे' म्हणजे कंपनी, 'ऊर' म्हणजे घड्याळ आणि 'फाब्रिकेन' म्हणजे कारखाना, त्याच आद्याक्षरांची 'आबू'. घड्याळांनंतर तिथे टॅक्सीचे मीटर बनू लागले. दुसऱ्या महायुद्धात मीटरची मागणी आटली, तेव्हा मुलगा योते बोर्गस्त्रोम यांनी कारखाना मासेमारीच्या रिळांकडे वळवला. हा क्रम तुम्ही आम्हाला पाठ करून घेतलात. तेव्हा ते शाळेसारखं वाटलं, आता त्याचा उपयोग कळतो. 'आबू'पुढे 'गार्सिया' हे नाव १९८० च्या आसपास जोडलं गेलं. त्यामुळे ठशात 'आबू गार्सिया' असेल आणि विकणारा 'पन्नासच्या दशकातला' म्हणत असेल, तर बोलणं तिथेच थांबवायचं.

आबूच्या 'टोबी' नावाच्या चमच्यावर तुम्ही लिहिलेली टिपणं आम्ही जपून ठेवली आहेत. टोबी १९५६ पासून आहे आणि आजही विकला जातो, म्हणून फसगतही त्याचीच जास्त. १८ ग्रॅमचा टोबी भिंगाखाली कसा बघायचा ते तुम्ही सांगितल्याप्रमाणे इथे देतो. भिंग १० पटीचं. उजेड समोरून घ्यायचा नाही, टेबलाच्या पातळीवरून तिरपा घ्यायचा. आधी बाजूने बघा: लांबट अंगाला इंग्रजी 'एस'सारखा हलका वाक, शेपटीजवळ दोन्हीकडे छोटे पर, मागच्या गळापाशी लाल प्लास्टिकची झालर. मग कड बघा. साच्याने पत्रा कापला की एका बाजूची कड किंचित गोलावते आणि दुसऱ्या बाजूला बारीक कंगोरा उरतो. कारखान्यात तो घासून काढला तरी दोन बाजूंतला फरक बोटाच्या नखाला लागतो. अस्सल वस्तूवरून साचा काढून ओतलेल्या नकलेला दोन्हीकडे सारखीच गुळगुळीत कड असते, आणि धातू थंड होताना आकसल्यामुळे ती मूळ वस्तूपेक्षा किंचित आखूड भरते. व्हर्नियर कॅलिपरवर हे पकडता येतं, डोळ्यांना ते सहसा कळत नाही.

त्यानंतर अक्षरं. ठसा आधी मारून मग मुलामा चढवला असेल, तर अक्षरांच्या तळाशीही तोच मुलामा अखंड दिसतो. तळाशी उघडं पिवळं पितळ दिसलं आणि अक्षराच्या कडेला मुलामा फाटलेला असला, तर ठसा नंतर मारलेला आहे. खवल्यांचा उठाव असेल तर झीज उंचवट्यांवर हवी. खोलगट भाग झिजलेला आणि उंचवटे ताजे असं दिसलं, तर कोणीतरी घासकाम केलं आहे. शेवटी कडीचं भोक. वापरलेल्या चमच्याचं भोक ओढीच्या दिशेने जरासं लांबट होतं. भोक अगदी गोल आणि अंगावर मात्र ओरखडेच ओरखडे, असं असेल तर ते ओरखडे मासे पकडताना पडलेले नाहीत.

गळांबाबत आम्ही फार घाई करत होतो. गंजका तीन टोकी गळ दिसला की काढून नवा लावायचा, एवढंच ठाऊक होतं. मासे पकडणारे लोक गळ आणि स्प्लिट रिंग, म्हणजे गळ अडकवायची कडी, सर्रास बदलतात. लांब टोबीला तरफेसारखं वापरून मासा गळ सोडवून घेतो, म्हणून सामनवाले गळ आणि चमच्यामध्ये जादा कडीही घालतात. तेव्हा गळ मूळचा नसणं हा दोष नाही. तो मूळचा आहे की बदललेला, हे नोंदवणं मात्र आपलं काम. तुम्ही घालून दिलेली पद्धत आता सगळेच पाळतात. गळ न काढता आधी वजन करायचं, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर. मग दोन्ही बाजूंचे फोटो, शेजारी मिलिमीटरची पट्टी. नोंद पेन्सिलने, कारण बॉलपेनची शाई दमट हवेत पसरते.

साफसफाईचं तुमचं प्रमाण आमच्यातल्या अनेकांना आधी कंजूषपणाचं वाटलं होतं. मऊ कोरडा ब्रश. तेवढ्याने भागलं नाही तर कापसाच्या काडीला डिस्टिल्ड वॉटर, काडी ओली नाही, नुसती ओलसर. ती घासायची नाही, लाटण्यासारखी फिरवायची. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार डाग ठेवून जातात. रंगावर अल्कोहोल किंवा ॲसिटोन अजिबात नको. ॲसिटोनने जुना सेल्युलोजचा लॅकर क्षणात विरघळतो आणि काडीवर लाल रंग उतरलेला दिसतो, तेव्हा उशीर झालेला असतो. लगेच टिपकागदाने टिपायचं आणि गार हवेच्या ड्रायरने कडीच्या भोकातलं पाणी उडवायचं. मायक्रोक्रिस्टलाइन मेण फक्त उघड्या धातूवर आणि गळावर, तांदळाच्या दाण्याएवढं, मऊ सुती कापडाने.

हिरव्या डागांचे दोन प्रकार असतात हेही तुमच्याचकडून कळलं. गडद, घट्ट, बोटाला न लागणारा हिरवा थर धातूचं संरक्षण करतो, त्याला हात लावायचा नाही. फिकट, भुकटीसारखा, झटकल्यावर परत येणारा ठिपका म्हणजे आत मीठ शिल्लक आहे आणि ओलावा मिळाला की ते खात राहणार. असा ठिपका बांबूच्या बारीक काडीने भिंगाखाली टोकरून काढायचा, धातूची सुई वापरायची नाही. नंतर वस्तू ४० टक्क्यांखालच्या आर्द्रतेत. चमचा कुठे वापरला गेला हे तुम्ही प्रत्येक वेळी का विचारता, तेही यातूनच उलगडलं. ब्लेकिंगेच्या किनाऱ्याला बाल्टिकच्या पाण्यात लिटरमागे साधारण ७ ग्रॅम मीठ, अरबी समुद्रात ३५ च्या वर. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्याचं पाणीही बाल्टिकपेक्षा बरंच खारट. दोन चमचे एकाच वयाचे असले तरी एक गोड्या तळ्यात आणि दुसरा पश्चिम किनाऱ्यावर वापरलेला असेल, तर त्यांची तब्येत सारखी नसणार.

अमोनियाबद्दलची तुमची ताकीद मात्र थेट आपल्या मातीतली निघाली. ब्रिटिश फौजेच्या पितळी काडतुसांच्या नळ्या हिंदुस्थानात पावसाळ्यात आपोआप तडकायच्या. दाबून आकार दिलेल्या पितळेत ताण उरलेला असतो, आणि घोड्यांच्या पागेतल्या मुताचा अमोनिया दमट हवेत त्याला तडा देतो. या तडकण्याला इंग्रजीत 'सीझन क्रॅकिंग' हे नाव पडलं ते आपल्या पावसाळ्यामुळे. चमचाही असाच थंड पत्रा दाबून वाकवलेला, ताण पोटात धरून बसलेला. म्हणून अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावण त्याच्या जवळ आणायचं नाही, आणि संग्रह गोठ्याला लागून असलेल्या खोलीत ठेवायचा नाही. ही दुसरी गोष्ट ब्लेकिंगेत बसून तुम्हाला सुचली, कारण कोकणातलं घर तुमच्या डोळ्यांपुढे आहे.

जून ते सप्टेंबर कोकणात कपाटातली चामडी चप्पलसुद्धा बुरशी धरते, तिथे या वस्तू कशा टिकवायच्या यावर तुम्ही घेतलेले कष्ट आम्ही विसरणार नाही. रबरबँड नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. लोकरीचं फेल्ट नको, कारण तेच. पीव्हीसीच्या पिशव्या आणि जुने मऊ प्लास्टिकचे डबे नकोत, ते कुजताना हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतात. ओकचं लाकूड नको, त्याच्या वाफेने शिशाच्या भागांवर पांढरी भुकटी चढते. ती भुकटी विषारी असते, हात लागल्यास साबणाने धुवायचे. पॉलिप्रोपिलीनचा घट्ट झाकणाचा डबा, एका खणात एकच नग, गळाच्या टोकांना पॉलिथिलीन फोमचा तुकडा, आणि सिलिका जेलची पुडी. रंग बदलणारं जेल घ्यायचं, आणि रंग बदलला की १२० अंशाला दोन तास ओव्हनमध्ये. पावसाळ्यात डबा वारंवार उघडला की जेल आठवड्यात थकतं. म्हणून दाखवायचे नग वेगळ्या डब्यात ठेवायची तुमची सूचना आम्ही लगेच उचलली.

खरेदीसाठी दिलेल्या स्वीडिश शब्दांचे आभार राहिलेच. 'लोप्पिस' म्हणजे जुना बाजार, उन्हाळ्यात गावोगाव. 'डोड्सबू' म्हणजे वारलेल्या माणसाचं सामान, यात पेट्याच्या पेट्या न चाळता निघतात. 'बेगाग्नाद' वापरलेलं, 'ऊआनवेन्द' न वापरलेलं. डबीवर 'गुल्द' म्हणजे सोनेरी, 'कोप्पार' तांब्याचा, 'सिल्वेर' तर कळतंच. आबूच्या आमिषांच्या नावांपैकी 'ऊतो' आणि 'कोस्तर' ही बेटांची नावं, 'द्रोपेन' म्हणजे थेंब, 'लिल ओरिंगेन' म्हणजे छोटा ट्राउट. नावाचा अर्थ कळला की पाकळीचा आकार आपसूक लक्षात राहतो: द्रोपेनची पाकळी खरंच थेंबासारखी आहे. 'नाप ओक न्युत' हा आबूचा वार्षिक कॅटलॉग हाताशी असल्याशिवाय मोठी खरेदी करू नका, हे तुमचं म्हणणंही पटलं. कोणता रंग कोणत्या वर्षी होता, याला त्याच्यासारखा साक्षीदार नाही. आणि विमानाने आणताना पेटी हातातल्या सामानात ठेवायची नाही, गळ तिथे अडवतात.

पुढची लोप्पिस सुरू झाली की तुम्ही चमच्यांकडेच बघाल, पण रिकाम्या पुठ्ठ्याच्या डब्या कोणी टाकून देत असेल तर आमच्यासाठी उचला. आणखी एक काम आहे. तुमच्या यादीतला तांब्याचा कोस्तर अजून तुमच्याकडे असेल, तर त्याच्या मागच्या बाजूचा, पट्टी शेजारी ठेवून, तिरप्या उजेडातला एक फोटो पाठवा. आमच्याकडच्या नगाचं भोक अगदी गोल आहे आणि अंगावर ओरखडे फार आहेत. ताडून बघायचं आहे.

आपले,
पुणे, रत्नागिरी आणि मालवणचे तुमचे विद्यार्थी