दहावीनंतरची सुट्टी मुलांना परत द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीची परीक्षा संपली आणि त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या मुलांच्या पाठीवर पुन्हा दप्तरं चढली. कुणाचा अकरावी सायन्सचा क्लास, कुणाचा कॉम्प्युटर, कुणाचं स्पोकन इंग्लिश. सकाळी बेळगावच्या बसला उभी असलेली ही पोरं बघून राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

मी बेळगुंदीचा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टर्नर आहे, म्हणजे लेथ मशीनवर काम करतो. १९८६ साली एसएसएलसी म्हणजे दहावी झालो. जूनपासून वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागायचं हे वडिलांनी आधीच ठरवून टाकलं होतं. पण एप्रिल-मे माझा, हेही त्यांनीच ठरवलं. म्हणाले, "पुढं जन्मभर कामच आहे की. तोवर फिरून घे."

मी चंदगड तालुक्यात मामाकडे गेलो, ताम्रपर्णीच्या काठी. शिनोळी गाव लागलं की महाराष्ट्र. लहानपणी आम्हाला ही हद्द जाणवायची ती फक्त सुट्टीत. आमची शाळा जून लागताच उघडायची, मामाच्या पोरांची जूनच्या मध्याला. ती अजून झाडावर असायची आणि मला एसटीत बसवून द्यायचे. फार वाईट वाटायचं.

त्या वर्षी दिवसभर काजूच्या बागेत असायचो. बोंडं खाऊन घसा धरायचा, सदऱ्यावर डाग पडायचे ते कधी निघाले नाहीत. बिया विस्तवात टाकल्या की तेल भडकून उडायचं. मामी लांबूनच ओरडायची. दुपारी विहीर. धाकट्यांच्या कमरेला पत्र्याचा डबा बांधून आम्ही त्यांना पाण्यात सोडायचो आणि हळूहळू डबा सोडवायचो. करवंदं खाऊन ओठ चिकट झालेले. संध्याकाळी ढग भरून आले की कामधाम टाकून सगळे आंब्याखाली; वळवाचा पहिला वारा सुटला की कैऱ्या धडाधड पडायच्या, गारा लागायच्या, तरी कुणी आत जायचं नाही. रात्री माळ्यावर आढीतल्या पिकत्या आंब्यांच्या वासात झोपायचं. पुढे काय करणार, असं त्या दोन महिन्यांत मला एकाही माणसानं विचारलं नाही. मामा तर निघायच्या दिवशीही म्हणाला, "बस गा, जाशील की उद्या."

मध्येच शिवजयंतीसाठी बेळगावला येऊन गेलो. आपल्याकडची चित्ररथांची मिरवणूक वैशाखात, ऐन सुट्टीत. नरगुंदकर भावे चौकात रात्रभर उभं राहायचं, पाय दुखले की दुकानाच्या पायरीवर टेकायचं, पहाटे चालत घर गाठायचं. दुसऱ्या दिवशी लवकर उठायचं नाही, ही चैन मला पुन्हा मिळाली नाही. जूनमध्ये लेथपुढे उभा राहिलो. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, भुकटी नाकातोंडात, कूलंटचा वास हाताला. पहिलं वर्ष जड गेलं. त्या वर्षी मी टिकलो तो त्या दोन महिन्यांच्या जोरावर, हे मी मनापासून सांगतो.

आजच्या मुलांपुढे स्पर्धा आहे, हे मला कळतं. बारावीच्या मुलांना एप्रिलमध्ये सीईटी, मेच्या पहिल्या रविवारी ‘नीट’ परीक्षा. त्यांच्या वाट्याला उन्हाळा येणार नाही, हे उघड आहे. म्हणून तर दहावीनंतरचा तरी राहू द्या. तोच शेवटचा आहे. ज्यांना पुढे शिकायचं नाही, जी पोरं जूनमध्ये माझ्यासारखी वर्कशॉपला किंवा काजूच्या कारखान्यात जाणार, त्यांना तर तो मिळालाच पाहिजे. आणि नववी पास झालेल्यांचे दहावीचे जादा तास काही ठिकाणी मे महिन्यातच भरतात, ते शाळांनी जूनवर ढकलावेत अशी माझी हात जोडून विनंती आहे.

पालकांची एक भीती मात्र खरी आहे. दर उन्हाळ्यात पेपरात पोरं बुडाल्याची बातमी येतेच. पूर्वी पोहायला शिकवणारी थोरली पोरं विहिरीवर असायची. आता बोअर झाल्या, विहिरींच्या पायऱ्या ढासळल्या, काहींत कचरा पडतोय. पोहायला न येणारं पोर मग मित्रांबरोबर थेट नदीच्या डोहात उतरतं. गावोगावच्या ग्रामपंचायतींनी एक तरी विहीर उपसून, पायऱ्या बांधून, कडेला दोर लावून द्यावी. आमच्या गावात असं झालं तर पुढच्या एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी सहा ते साडेसात, कामावर जायच्या आधी, मी विहिरीवर उभा राहीन आणि मुलांना, मुलींनाही, पोहायला शिकवीन. पैसे नकोत. डबे मी वर्कशॉपमधून झाळून आणीन.

आपला,
एक टर्नर, बेळगुंदी (ता. बेळगाव)