मे महिन्यात येत नाहीये, सिनेमांचं मात्र सांगते

पुणे,
१२ एप्रिल २०२६

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

मे महिन्यात मी घरी येत नाहीये. आधी हेच लिहून टाकते, कारण आई, तू पत्र शेवटाकडून वाचायला घेतेस. फोनवर सांगितलं असतं तर तू 'बरां गो' म्हणून गप्प झाली असतीस, बाबांनी पुण्यातल्या उन्हाची चौकशी करून फोन ठेवला असता आणि मग दोघं रात्री पडवीत बसून माझ्यावर बोलला असतात. बोलायचंच आहे तर नीट कारण तरी हातात असू दे. मिरगाआधी येते. पावसाळ्याची लाकडं भरायला असेन.

दादाने म्हणे तुम्हाला सांगितलंय की बाय वर्षभर सिनेमे बघत होती आणि आता सिनेमासाठीच मागे राहतेय. खरं आहे, फक्त त्याने ज्या सुरात सांगितलं असेल तो सूर सोडून. इथे एक ताई माहितीपट करतात. गेल्या हंगामात त्यांनी आपल्याकडच्या जत्रांमध्ये दशावताराचं शूटिंग केलं. आता ते सगळं ऐकून लिहून काढायचंय, कोण काय बोललं, कुठल्या मिनिटाला बोललं. त्यांना मालवणी कळणारं माणूस हवं होतं. काम खोलीत बसून, पंख्याखाली. पैसे फार नाहीत, पण महिन्याचं भाडं आणि मेस त्यात भागते, म्हणजे मे महिन्याचे पैसे तुम्ही पाठवायचे नाहीत. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म मी भरणार आहे. अभ्यास संध्याकाळी होईल. कॉलेजची परीक्षा एप्रिलअखेर संपतेय. बघा, सगळं विचार करून ठरवलंय, उगाच उनाडक्या म्हणून नाही. आणि हे काम गेलं असतं तर मी घरी येऊन आंब्याच्या झाडाखाली तोंड पाडूनच बसले असते.

नमुना म्हणून त्यांनी मला एक तुकडा लिहायला दिला होता. मध्यरात्र उलटलेली, संकासूर येऊन गेलेला, बाकड्यावर राजा बसलाय आणि पेटीवाला त्याला काहीतरी खुणावतोय. कॅमेरा मध्येच माणसांकडे वळतो. पहिल्या रांगेत कानटोपी घातलेले एक आजोबा, मान अशी पुढे काढून बसलेले. मी थांबवून पुन्हा बघितलं. तुम्ही नव्हता बाबा, पण बसायची तऱ्हा तुमचीच. राजाचं भाषण लिहायचं सोडून मी त्यांच्याकडेच बघत राहिले.

म्हणून आता 'दशावतार'. गणपतीहून परत आले आणि लगेच सप्टेंबरात तो लागला. तेव्हा फोनवर मी 'चांगला आहे' एवढंच म्हणाले होते. बाबुली मेस्त्री नावाचा म्हातारा दशावतारी, त्याची नजर जात चाललीये, मुलगा म्हणतोय आता बास करा. प्रभावळकर ८१ वर्षांचे आहेत आणि त्या वयात तोंडाला रंग लावून जे उभे राहिलेत ना, मेकअप करतानाचे त्यांचे नुसते हात बघत बसावं. आपली माती, आपली झाडी इतक्या मोठ्या पडद्यावर बघून मला उगाच मिरवावंसं वाटत होतं, शेजारच्या अनोळखी काकूंना मी 'आमच्याकडचं आहे हे' सांगितलंसुद्धा. पुढे खाणवाल्यांवरचा सूड सुरू होतो आणि तिथून माझं सिनेमाशी फारसं जमलं नाही. मैत्रिणींना तेच आवडलं. मला वाटलं, त्या माणसाचं रात्री उभं राहणं हीच केवढी मोठी गोष्ट होती, ती सोडून पळापळ कशाला?

पण खरं सांगू, तो मुलगा बापाला 'थांबा' म्हणतो तेव्हा मला त्याचंच पटत होतं. जत्रा सोडा असं मी कधी म्हणणार नाही. डोळ्यांचं करा एवढंच म्हणतेय. मी विचारलं की तुम्ही म्हणता, 'मी ऐकानच बघतंय.' ऐकायला छान वाटतं, पण मागच्या महिन्यात पायरी चुकली ती ऐकूनच का? मोतीबिंदू पिकायची वाट बघायचे दिवस गेले, बाबा. आता पिकू द्यावा लागत नाही, उलट जास्त पिकला तर शस्त्रक्रिया अवघड होते. सहसा सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येतं. दादा रजा काढणार आहे, त्याच्याशी माझं बोलणं झालंय. शुगर आधी तपासून घ्या. नंतर थेंब वेळेवर, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही आणि चुलीपुढे बसायचं नाही. आई, काजी भाजायच्या असल्या तर तेव्हा बाबांना मागच्या खोलीत बसव. त्या दिवशी मी तिथे नसेन, हे मला काही फार बरं वाटत नाहीये. पण मी असते तरी बाहेर बाकड्यावर बसून नखं कुरतडण्यापलीकडे काय केलं असतं, आणि ते दादालाही जमतं.

बाबा, तुमच्या 'शोले'चं तर सांगायचं राहिलंच. डिसेंबरात तो दुरुस्त करून, कापलेले भाग जोडून पुन्हा थेटरात लागला होता. सकाळचा स्वस्त खेळ बघून गेले. तुमची कोल्हापूरची मुक्कामी गाडी असली की तुम्ही दुसऱ्या दिवशी येऊन एकेक सिनेमा सांगायचात, इंटरव्हलपर्यंत एका रात्री आणि उरलेला दुसऱ्या रात्री. 'शोले' मी पहिल्यांदा तसाच बघितला, तुमच्या मांडीवर डोकं ठेवून. गोळीबार आला की तिकिटाचा जुना चिमटा कानाशी कटकट वाजवायचात आणि आई आतून ओरडायची की पोर आता झोपायची नाही. तुमच्या गोष्टीत शेवटी पोलीस येऊन गब्बरला धरून न्यायचे. तर तो शेवट मुळातला नव्हताच! १९७५ साली आणीबाणी होती, पूर्वी पोलिसात असलेल्या माणसाने कायदा हातात घेतलेला सेन्सॉरला चालला नाही, म्हणून तो बदलून घेतला. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला स्वतःच मारतो. आणि मारून सुटत नाही, कोसळतो. थेटरात सगळे टाळ्या वाजवत होते, मला मात्र पोलीस यावेत असं वाटत होतं. सवय म्हणायची. डोळा झाला की मोठ्या टीव्हीवर बघायचा, दोन्ही शेवटांसकट, आणि या वेळी मी सांगणार आणि तुम्ही ऐकणार.

बाकीचे पटापट सांगते. 'सैयारा'ला सगळं हॉस्टेल गेलं आणि सगळं हॉस्टेल रडलं. मी रडले नाही, त्यावरून दोन दिवस बोलणी खाल्ली. ऐन तारुण्यातल्या मुलीला विसरायचा आजार होतो अशी गोष्ट आहे. गाणी चांगली आहेत. आई, बीपीची गोळी विसरायला तुला मात्र काही आजार लागत नाही, नुसती केबलवरची मालिका पुरते. गोळ्यांची डबी पाण्याच्या तांब्याशेजारी ठेव, कपाटात नको. 'धुरंधर' साडेतीन तासांचा. नट चांगले, पण रक्त इतकं की बाहेर आल्यावर वडापावबरोबरची लाल चटणी नको झाली. तुम्ही दोघांनी बघू नका. 'साबर बोंडं' बघितला, बापाच्या दहाव्यापर्यंत गावी राहायला आलेल्या मुलाची गोष्ट आहे, त्याला सगळे लग्नाचं विचारत असतात. त्यावर समोरासमोर बोलू. फार हळुवार सिनेमा आहे, आणि त्यातली आई खूप समजूतदार आहे, एवढंच आत्ता लिहिते.

'होमबाउंड' दादाला दाखवू की नको हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन मित्र पोलीस भरतीचा ध्यास घेतलेले. दादा पहाटे शाळेच्या मैदानावर धावायचा तेव्हा तू दारात कंदील धरायचीस, आई, ते आठवलं. पण ते सोडा. पुढे लॉकडाऊन लागतो आणि ते सुरतेहून घरी निघतात, आणि मला थेटरात आपली प्राथमिक शाळाच दिसायला लागली. मुंबईहून आलेल्यांना चौदा दिवस वर्गात ठेवलं होतं. तू दोन्ही वेळ डबा घेऊन जायचीस, फाटकाच्या खांबावर ठेवून मागे जाऊन उभी राहायचीस, दादा येऊन डबा उचलायचा आणि तुम्ही दोघं दुरूनच काहीबाही बोलायचात. मी तुझ्यामागे उभी असायचे. एकदा त्याने विचारलं, 'आमटीत कोकम जास्त पडला काय?' आणि तू घरी येऊन पदर तोंडाला लावलास. आमटी तर नेहमीसारखीच होती. सिनेमातल्या त्या दोघांसाठी असा डबा कुठेच ठेवलेला नव्हता, आणि गोष्ट खऱ्या घटनेवरून घेतलीये. दादाला तो एकट्याने बघू देणार नाही. मी आल्यावर बघू.

आता आईचा सिनेमा. 'आता थांबायचं नाय' गेल्या वर्षी एक मेला आला होता, मी तो उशिरा, मैत्रिणीच्या लॅपटॉपवर बघितला. मुंबई महापालिकेतले सफाईचे वगैरे काम करणारे लोक, पन्नाशीला टेकलेले, त्यांचा साहेब त्यांना दहावीला बसवतो. हेही खरं घडलेलं. थोडं गोड करून दाखवलंय आणि मध्ये मध्ये भाषणं आहेत, पण भरत जाधव पेन हातात धरतो ना, ते बघ. आई, तू नववी पास आहेस. माझी गणितं आठवीपर्यंत तूच घेतलीस, शेगडीवर भाकरी टाकत टाकत. सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात तो, बाहेरून दहावीला बसायचा, त्याची मी चौकशी केलीये. शाळा सोडल्याचा दाखला लागेल, तो हरवला असला तरी मार्ग असतो. जबरदस्ती नाही. ह्या वयात लोक हसतील म्हणशील. हसू देत. पण नको असेल तर नको, मी पुन्हा विषय काढणार नाही. बहुतेक काढेन.

कॉलेजच्या फिल्म क्लबात एक जुना जपानी सिनेमा दाखवला होता, १९५३ सालचा, 'टोकियो स्टोरी'. म्हातारे आई-वडील लांबच्या गावाहून मुलांना भेटायला शहरात येतात, मुलं वाईट नाहीत, फक्त कामात आहेत. मग पैसे काढून आई-वडिलांना समुद्राकाठच्या हॉटेलात पाठवून देतात, आणि तिथे रात्रभर इतका गोंगाट की दोघांना झोप लागत नाही. सकाळी ते बंधाऱ्यावर शेजारी शेजारी बसतात. कोणाला काही बोलत नाहीत, उलट मुलं चांगलीच आहेत म्हणतात. पुढचं सांगत नाही. दिवाळीनंतर तुम्ही पुण्याला आला होता तेव्हा माझे प्रॅक्टिकल होते आणि तुम्ही दोन दिवस काकांच्या फ्लॅटवर टीव्ही बघत काढले. परत जाताना बाबा म्हणाले, 'मस्त आराम झालो.' पुढच्या वेळी याल तेव्हा मला सुट्टी असेल अशाच तारखा मी देणार, आणि शनिवारवाड्याच्या उन्हात हिंडवणार नाही. सकाळचा खेळ, मग कुठेतरी मासे.

इथे माझं सगळं ठीक आहे, खरंच. हॉस्टेल मेमध्ये बंद होतं, म्हणून कोथरूडला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेतलीये. खाली मालकीणबाई राहतात, फाटकाला दहाला कुलूप लावतात, तेव्हा रात्रीचा खेळ आपोआपच बंद. माठ आहे, कूलर आहे, गादी माझीच आणलीये. मेसच्या बाई ज्वारीची भाकरी करतात, भात मी कुकरला लावते. कुळथाचं पीठ तेवढं संपलंय. गावातून कोणी येणार असेल तर पाठव, सुके बांगडे नकोत, मालकीणबाई माळकरी आहेत. आंब्यांची पेटी मुद्दाम पाठवू नका, गाडीभाडं फार घेतात. पाठवलीतच तर अर्धे कच्चे द्या.

बाबा, काजीच्या झाडांवर चढायला माणूस लावा, स्वतः आकडी घेऊन फिरू नका. आई, गुडघ्याला तेल लावून झाल्यावर लगेच न्हाणीघरात जाऊ नकोस, लादी निसरडी आहे. डोळ्याची तारीख मिळाली की आधी मला फोन, मग दादाला, आणि तो रात्री आठनंतर करा, तोवर माझ्या कानावर हेडफोन असतो.

तुमची,
बाय