फिरत्या घराची मोरी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्पेनमधील कॅम्परव्हॅनच्या, म्हणजे झोपण्या-रांधण्याची सोय असलेल्या गाडीच्या, प्रवासावर आलेला लेख वाचला. लेख रसाळ आहे आणि छायाचित्रे त्याहून सुंदर आहेत. परंतु ‘जिथे मन रमेल तिथे गाडी उभी करावी आणि रात्र काढावी’ हे त्यातले वाक्य वाचून आमच्या सोसायटीतल्या दोन तरुणांनी लगेच गाडीच्या भाड्याची चौकशी सुरू केली, म्हणून हे पत्र लिहीत आहे. गेल्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत मी अशाच एका गाडीतून पाच आठवडे एकटीने स्पेनमध्ये फिरले. त्याआधीची एकतीस वर्षे मी एका महापालिकेच्या मलनिःसारण विभागात अभियंता म्हणून काढली आहेत. त्यामुळे तिथे माझी नजर ज्या गोष्टीकडे वारंवार गेली ती प्रवासवर्णनांत सहसा येत नाही, आणि ती येत नाही म्हणूनच आपल्याकडच्या या हौसेचा पायाच कच्चा राहतो, असे माझे स्पष्ट मत आहे. ती गोष्ट म्हणजे मोरी.

आधी नियमाविषयी. स्पेनमध्ये गाडी उभी करणे आणि तळ ठोकणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथल्या वाहतूक महासंचालनालयाने २००८ साली काढलेल्या परिपत्रकात ही सीमारेषा आखून दिली आहे आणि २०२३ मध्ये त्याच विषयावर नवे परिपत्रकही निघाले आहे. कायदेशीर जागी उभ्या असलेल्या गाडीच्या आत माणूस झोपला आहे, भात शिजवतो आहे की पत्ते लावत बसला आहे, याच्याशी वाहतूक पोलिसांना कर्तव्य नाही. मात्र गाडीचा जमिनीला स्पर्श केवळ चाकांनी झाला पाहिजे, कापडी छत पसरून किंवा बाहेरच्या बाजूला उघडणारी खिडकी उचलून तिने आपल्या आकाराबाहेरची जागा अडवता कामा नये, आणि इंजिनाच्या धुराखेरीज तिच्यातून थेंबभरही काही बाहेर पडता कामा नये. दारात खुर्ची मांडली की तळ ठोकला असे समजले जाते, आणि त्यासाठी नेमून दिलेल्या जागीच जावे लागते. याशिवाय नगरपालिकांचे आपापले नियम, संरक्षित उद्यानांचे नियम आणि १९८८ चा किनारा कायदा आहेच. हा कायदा समुद्रकिनाऱ्याच्या सार्वजनिक पट्ट्यात गाडी उभी करण्यास आणि तळ ठोकण्यास मनाई करतो. लेखासोबतच्या मोठ्या छायाचित्रात वाळूवर गाडी, उघडे दार, समोर निळे पाणी आणि मध्ये टेबल-खुर्ची असा जो देखावा आहे, तो दंडाची पावती हातात पडण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

मी स्वतः हा धडा आल्मेरियाजवळच्या काबो दे गाता या किनाऱ्यावर शिकले. ज्वालामुखीच्या काळ्या-तांबड्या खडकांचा, जवळजवळ झाड नसलेला तो प्रदेश संध्याकाळच्या उन्हात असा काही दिसतो, की तिथून हलू नये असे वाटते. मी हलले नाही, आणि काळोख पडू लागल्यावर रात्रीच्या मुक्कामास मनाई करणारी पाटी नजरेस पडली. पुढच्या वाहनतळाच्या तोंडाशी उंची रोखणारी आडवी लोखंडी पट्टी होती; माझ्या गाडीची उंची अडीच मीटरहून अधिक, तेव्हा तो प्रश्न पट्टीनेच मिटवला. अनोळखी, वळणावळणाच्या रस्त्याने, उजव्या बाजूने गाडी चालवण्याची सवय पुरती अंगवळणी पडलेली नसताना, मी माघारी फिरून एका कॅम्पिंगच्या, म्हणजे तंबू आणि अशा गाड्यांसाठी नेमून दिलेल्या तळाच्या, फाटकाशी पोचले तेव्हा रखवालदार कुलूप लावण्याच्या बेतात होता. (मला सिग्नल द्यायचा असे आणि काचेवर वायपर फिरू लागत, त्या गाड्यांत या दोन कळा आपल्या गाड्यांच्या उलट बाजूंना असतात.) त्या दिवसापासून दुपारी चारच्या आत रात्रीचा मुक्काम ठरवायचा, हा नियम मी पाळला.

आता मोरीकडे येते. ‘थेंबभरही काही बाहेर पडता कामा नये’ या अटीचा अर्थ गाडीत दोन दिवस राहिल्यावर कळतो. माझ्या गाडीत स्वच्छ पाण्याची टाकी सुमारे शंभर लिटरची होती, सिंक आणि शॉवरचे सांडपाणी साठवणारी तितक्याच आकाराची दुसरी टाकी खाली होती, आणि शौचालयाखाली ओढून बाहेर काढता येणारी अठरा लिटरची बंद पेटी होती, जिला तिकडे कॅसेट म्हणतात. शहराच्या पाणीपुरवठ्याचा हिशेब करताना आम्ही माणशी दररोज १३५ लिटर धरत आलो. गाडीत मी तीस लिटरांत दिवस काढू लागले, आणि डाळ-तांदूळ धुतलेले पाणी भांडी विसळायला ठेवण्याची माझ्या आजीची रीत आपोआप हाताला आली. परंतु पाणी कितीही जपून वापरले, तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती पेटी आणि ती टाकी रिकामी करावीच लागते. कुठे करायची, हाच या प्रवासाचा खरा नकाशा असतो. किल्ले, चर्च आणि समुद्र त्या नकाशाच्या मधल्या जागांत बसवून घ्यावे लागतात.

एस्त्रेमादुरा आणि तेरुएल या दोन भागांत, जिथे परदेशी पर्यटकांची गर्दी फारशी नाही, मला ही सोय सर्वांत नेटकी आढळली. गावाच्या कडेला, बहुधा क्रीडासंकुलाजवळ, नगरपालिकेने आठ-दहा गाड्यांची जागा आखलेली असते, निळी पाटी असते, आणि बहुतेक ठिकाणी ४८ किंवा ७२ तासांची मर्यादा असते. एका कोपऱ्यात सिमेंटचा उताराचा चौथरा, त्याच्या मध्यावर जाळी, बाजूला कॅसेट ओतण्यासाठी झाकणाचे भांडे आणि दोन वेगळे नळ. एक पिण्याच्या पाण्याचा आणि दुसरा पेटी विसळण्याचा. दोन्हींवर तशी अक्षरे, आणि दोहोंत हाताच्या अंतरापेक्षा बरेच अधिक अंतर. हे अंतर ज्याने ठेवले त्या अनोळखी अभियंत्याला मी मनोमन नमस्कार केला, कारण पेटी विसळणाऱ्याने आपल्या नळीचे तोंड पिण्याच्या नळाला लावले की काय होते, हे मी नोकरीत पाहिले आहे. आणखी एक बारीक गोष्ट अशी, की कॅसेटमध्ये दुर्गंधी दाबण्यासाठी घालायच्या काही द्रवांत फॉर्मल्डिहाइड असते आणि ते सेप्टिक टाकीतल्या जिवाणूंना मारते. म्हणून जिथे गावाला सेप्टिक टाकी आहे तिथे तसे द्रव ओतू नयेत, अशी सूचना लिहिलेली मी वाचली. इतका विचार करून लिहिलेली पाटी पाहिली की एखाद्या राजवाड्यापेक्षा मला ती अधिक आवडते. माझ्या भाच्याला हे हास्यास्पद वाटते.

मात्र एका राजवाड्याइतक्याच भव्य गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. एस्त्रेमादुरातले मेरिदा हे इ.स.पू. २५ मध्ये निवृत्त रोमन सैनिकांसाठी वसवलेले शहर. तिथले रंगमंदिर सर्वजण पाहतात. मी शहराबाहेर पाचेक किलोमीटरवर असलेल्या प्रोसेर्पिना या रोमन धरणावर अर्धा दिवस घालवला. आतून दगडी भिंत, मागे मातीचा भराव, आणि पाणी आजही अडलेले. काठावर स्थानिक कुटुंबे शिदोऱ्या सोडून बसलेली. तिथून शहरात पाणी नेणाऱ्या जलवाहिनीचे ग्रॅनाइट आणि विटांचे उंच खांब गावात उभे आहेत, आणि त्यांच्या माथ्यावर करकोच्यांनी घरटी केली आहेत. मे महिन्यात तिथे रात्री नऊनंतरही उजेड असतो; त्या उजेडात खांबांखाली बसून मी घरून नेलेल्या पोह्यांना फोडणी न देता दडपे पोहे करून खाल्ले. नारळ मात्र मिळाला नाही. (दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत, त्यामुळे साजूक तूपही ठाण्यातच राहिले होते.)

छोटी गावे हा खर्च का करतात, याचे उत्तर मला तेरुएलमध्ये मिळाले. या संपूर्ण प्रांताची लोकसंख्या दीड लाखाच्या आत आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या ठाणे शहराची अठरा लाखांवर होती. माणसे शहरांकडे निघून गेल्याने ओस पडलेल्या भागाला तिकडे ‘रिकामा केलेला स्पेन’ असे नाव आहे, आणि ‘तेरुएल एक्सिस्ते’, म्हणजे ‘तेरुएल अस्तित्वात आहे’, या नावाने १९९९ पासून चाललेल्या तिथल्या नागरिकांच्या चळवळीने नोव्हेंबर २०१९ च्या निवडणुकीत संसदेच्या कनिष्ठ सभागृहात एक जागाही जिंकली. अशा गावात रात्री थांबलेली गाडी सकाळी पाव, चीज आणि टोमॅटो घेते, दुपारी खानावळीत तेरा-चौदा युरोंचे दिवसाचे जेवण जेवते. जिथे दुकान टिकेल की नाही हाच प्रश्न आहे, तिथे एक चौथरा आणि दोन नळ यांचा खर्च वसूल व्हायला वेळ लागत नाही. पावाच्या दुकानातल्या बाई मला पाहून हमखास विचारीत, ‘सोला?’ म्हणजे एकटीच का? पहिल्यांदा मला वाटले, लसूण सोलायला सांगत आहेत. एकटीच, असे म्हटले की पिशवीत एखादा जास्तीचा पाव पडे.

एकटेपणाच्या धोक्यांविषयी लेखात बराच मजकूर आहे, त्यात मला फारसे काही जोडायचे नाही. गाडीचे तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून ठेवावे, म्हणजे अंथरुणातून उठून दार न उघडता थेट चालकाच्या आसनावर बसून निघता येते; आणि मोठ्या महामार्गांच्या विश्रांतिस्थळी रात्र काढू नये. कागदपत्रांचेही थोडक्यात सांगते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओतूनच मिळतो, तो एक वर्ष चालतो आणि मूळ परवाना सोबत बाळगावाच लागतो. साडेतीन टनांपर्यंतची गाडी तिथे मोटारीच्या परवान्यावर चालवता येते. स्पेनसह युरोपातल्या अनेक देशांसाठी एकच असलेल्या शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. फिरत्या घराच्या प्रवाशाला ‘राहण्याचे ठिकाण’ दाखवण्याची अडचण येते, ती मी गाडीच्या भाडेकरारासोबत काही कॅम्पिंगांची आगाऊ नोंदणी जोडून सोडवली.

हे सर्व ठाण्याच्या वाचकांसमोर मांडण्याचे कारण असे, की ही हौस आता आपल्या दारात आली आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, आणि घोडबंदर रस्त्याच्या बाजूला, गायमुखच्या खाडीकिनारी, सुट्टीच्या दिवशी अशा एक-दोन गाड्या उभ्या दिसू लागल्या आहेत. पावसाळ्यापूर्वी एका गाडीच्या चालकाला मी सहज विचारले, की टाकी कुठे रिकामी करता. त्याने अत्यंत सौजन्याने रस्त्याकडेच्या गटाराकडे बोट दाखवले. ते गटार पावसाच्या पाण्याचे आहे. त्यातले पाणी कोणत्याही प्रक्रियेविना खाडीत जाते. त्या चालकाला मी दोष देत नाही, कारण त्याने दुसरीकडे कुठे जावे, याचे उत्तर माझ्याकडेही नव्हते. धोरणात कॅरॅव्हॅन पार्कची, म्हणजे अशा गाड्यांसाठीच्या तळाची, कल्पना आहे आणि ती चांगलीच आहे. पण पार्क म्हणजे जमीन, निविदा, उपाहारगृह आणि अनेक वर्षे. मोरीला इतके काही लागत नाही.

माझी सूचना अशी आहे, की ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांनी आपल्या एकेका मलप्रक्रिया केंद्राच्या किंवा उदंचन (पंपिंग) केंद्राच्या आवारात, फाटकालगत, असा एक चौथरा बांधावा. कोपरी येथे, तसेच वाशी-नेरूळकडे अशी केंद्रे आहेत. मलवाहिनी तिथपर्यंत पोचलेलीच आहे, चोवीस तास रखवालदार आहे आणि वास येतो म्हणून तक्रार करणारा शेजारी नाही. सहा मीटर बाय चार मीटरचा उताराचा चौथरा, जाळी, झाकणाचे भांडे, परस्परांपासून लांब असे दोन नळ आणि मराठीत लिहिलेली ठळक पाटी, एवढेच काम आहे. नाममात्र शुल्क ठेवले तरी कोणी कुरकुर करणार नाही. एक गोष्ट मात्र स्पेनची नक्कल करून चालणार नाही. तिकडे पाऊस बेताचा असल्याने त्यांचे चौथरे उघडेच असतात. आपल्याकडे चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि चौथऱ्याला सभोवार वीतभर कठडा व वर पत्र्याचे छप्पर नसेल, तर ते सगळे पाणी मलवाहिनीत शिरून केंद्रावरच्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना रात्रभर पंपांशी झुंजावे लागेल. गाडी आत येण्यासाठी कठड्याच्या एका बाजूला चढ-उताराचा उंचवटा ठेवावा लागेल. त्याचा मोजमापांसह आराखडा मी काढून ठेवला आहे. संबंधित विभागाला हवा असल्यास आपल्या कार्यालयामार्फत तो पाठवण्यास मी तयार आहे.

आपली नम्र,
एक नियमित वाचक (निवृत्त अभियंता)
नौपाडा, ठाणे (पश्चिम)